नारायणकाकांचा खांदा

दांडी गावचे मच्छीमार नारायणकाका कुठलीच गोळी मुकाट्याने घ्यायचे नाहीत. बोईसरला माझ्या औषधाच्या दुकानात आले की गोळी तळहातावर ठेवून विचारायचे, "पोरी, ही आत गेल्यावर कुठं जाते?" मी पोट, रक्त, मूत्रपिंड असं काहीबाही सांगायची. समाधान झालं की म्हणायचे, "मंग जाऊ दे."

जन्मभर जाळी ओढून त्यांचा उजवा खांदा पार गेला होता. ऑपरेशन म्हणजे सहा महिने समुद्र बंद. त्यांना ते नको होतं. "बोट किनाऱ्याला पडून राहिली का तिला भेगा पडतात. मानसाचं पन तसंच."

मग एका जिमवाल्याने त्यांना पांढऱ्या पावडरीच्या इवल्याशा बाटल्या दिल्या. ग्रोथ फॅक्टर पेप्टाइड. टोचून घेतलं की फाटलेला स्नायू भरून येतो म्हणे. मी लेबल वाचून दाखवलं : फक्त संशोधनासाठी, माणसांना देऊ नये.

"काका, माणसांवर याची पुरेशी तपासणीच झालेली नाही. रक्तातली साखर एकदम उतरू शकते. आत एखादी गाठ लपलेली असली तर तीही वाढू शकते."

ते हसले. "मी दर्यातला मासा हाय, मानूस कुठं?"

सुया मात्र त्यांनी माझ्याकडेच मागितल्या. मी दिल्या. नाही दिल्या तर कुणाच्या तरी वापरलेल्या घेतील, अशी मनाची समजूत घातली.

खांदा हलू लागला. पण एका सकाळी होडीतच ते घामाने डबडबून, थरथरत कोसळले. सोबतच्या खलाशाने तोंडात साखर कोंबली म्हणून वाचले. तेव्हा कुठे बाटल्या सुटल्या. मानेत शेंगदाण्याएवढी एक जुनी गाठ होती, कुणालाच न सांगितलेली. काही महिन्यांत ती लिंबाएवढी झाली. कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, "त्या इंजेक्शनांमुळेच, असं सांगता येणार नाही. नाही, असंही सांगता येणार नाही."

अंगावरचे कपडे लोंबू लागले तेव्हा काका मला घेऊन त्या जिममध्ये गेले. व्यायाम करणाऱ्यांसमोर सदरा काढून उभे राहिले. हात वर केला.

"खांदा बघा माजा. बरा झाला. आता मान बघा."

जिमवाला आत निघून गेला.

परतताना रिक्षात मी म्हटलं, "काका, सुया मी दिल्या होत्या."

ते म्हणाले, "दुसरीकडून आनल्या असत्या मी. पन तू द्यायला नको व्हत्यास."

पंधरा दिवसांनी, नव्या हंगामाच्या बोटी पाण्यात उतरायच्या आत, ते गेले.