जपानमामा गप्प बसले की

आमच्या खानावळीत जेवून एष्टी पकडायला उठणाऱ्या प्रत्येक माणसाला जपानमामा विचारायचे, "कुटं चाल्लात?" तो पेण म्हणो, महाड म्हणो, नाहीतर पुणे, मामा मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बरं हाय. पन जपानात ओसाकाला गेलात तर पेटीत दाबलेला भात खा. वर मासा लावतात." लेकीच्या डोहाळजेवणाला पेणला निघालेला म्हातारा हात धुता धुता नुसता बघत राहायचा. त्या बापड्याने मुंबईसुद्धा धड पाहिलेली नसायची, आणि मामा त्याला ओसाकाला पाठवायला निघालेले!

मामा आमच्याकडे स्वयंपाकाला होते. मूळचे मोरा बंदराकडचे कोळी. लढाईच्या आधी मालवाहू बोटीवर भटारखान्यात लागले, लढाईत ती बोट जपान्यांनी धरली आणि मामांना तिकडे नेऊन एका बंदरातल्या खानावळीत राबायला लावलं. लढाई संपल्यावर परत आले ते थेट पनवेलला उतरले. आमच्या ह्यांनी स्टँडजवळ नुकतीच खानावळ काढली होती. ह्यांना खाण्याचं आणि खिलवण्याचं भारी वेड. मामांच्या हातची एक आमटी चाखली आणि म्हणाले, "हा माणूस आपला." मी तेव्हा नवी नवरी, मला कोण विचारतंय?

त्यांचं गावोगावचं जपान मला अजून पाठ आहे. हिरोशिमाला कालवं खा, इथल्यापेक्षा तिप्पट मोठी. नागासाकीला जाड शेवयांचा रस्सा, त्यात कोलंबी आणि माकुल. तोक्योला निखाऱ्यावर भाजलेली वाम. तोसाला गवताच्या जाळावर नुसता शेकलेला कुपा मासा, आतून कच्चा. आणि शिमोनोसेकीला केंड. केंड म्हणजे तो फुगणारा विषारी मासा, आपल्याकडे जाळ्यात आला तर कोळी शिव्या घालून फेकून देतात. "तिकडं पैशे देऊन खातात," मामा सांगायचे, "व्हट बधिर झाले तर हसतात." हे सांगताना ते स्वतः मात्र हसायचे नाहीत, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

एकदा तर त्यांनी कहरच केला. वाळवून लाकडासारखा झालेला कुपा सुताराच्या रंध्यावर घासला आणि त्याचे पातळ पापुद्रे गरम भातावर पसरले. ते पापुद्रे हलायला लागले हो! वाफेनंच हलत होते, पण वळवळत असे होते की ताटावर बसलेला तलाठी पाट सोडून उठला. "मेलेलं हाय, पन गरम लागलं की हलतं," मामा शांतपणे म्हणाले. मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. गिऱ्हाईक पळवायचं आहे का तुम्हाला, म्हटलं. त्यानंतर तो रंधा सुताराला परत गेला.

पण खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती माझ्या हळूहळू लक्षात आली. एखाद्या माणसाला मामा जपानचं सांगायचे नाहीत. "कुटं चाल्लात?" विचारायचे, उत्तर ऐकायचे, आणि ओठ मिटून उभे राहायचे. मग आत जाऊन त्याच्यासाठी वालाचं बिरडं पुन्हा गरम करून आणायचे, त्याला परत पाटावर बसवून वाढतच राहायचे. नागोठण्याचा एक कापडवाला असाच जपानचं न ऐकता गेला. पुढे त्याचा भाऊ डोकं भादरून आमच्याकडे चहाला बसला, तेव्हा कळलं की तो घरी पोचलाच नव्हता. मग एक ड्रायव्हर, खोपोलीच्या घाटात. मग पळस्प्याचा एक धडधाकट पोरगा, जेवून गेला आणि बसल्या जागी आटोपला. स्टँडवर बोलबाला झाला. माणसं गाडीचा हॉर्न वाजला तरी दारात थांबून ओरडायची, "मामा, जपानचं सांगा की!" मामांनी ओसाका म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि ती हसत पळायची.

मी एका दुपारी त्यांना गाठलंच. त्याला कारण झालं ते आमच्या सासूबाईंच्या पूजेचं. त्यांनी देवासमोर वाटीभर तांदूळ ठेवून त्यात उदबत्त्या उभ्या खोचल्या होत्या. मामा पाणी घेऊन आले, ते पाहिलं आणि कळशी तिथंच सोडून परसात जाऊन भडाभडा ओकले. मी त्यांना ताक दिलं आणि म्हटलं, "मामा, आता काय ते सांगून टाका. मी काही लहान नाही."

मग ते बोलले. त्या बंदरातली खानावळ एका म्हातारीची होती. मामा तिला आये म्हणायचे. तिला ते कळायचं नाही, पण ती ओ द्यायची. तिचा मुलगा लढाईवर निघाला त्या दिवशी मामांनी आपण होऊन त्याला वाढलं. भाताचा वाडगा भरला, आणि आपल्यात देवासमोर उदबत्ती लावतात तसं मान म्हणून त्याच्या जेवणाच्या दोन्ही काड्या भातात उभ्या खोचल्या. "आये पांढरीफटक झाली, बाय. त्यांच्यात तसा भात मेलेल्या मान्साला ठेवतात. मना काय म्हाईत?" पण तो मुलगा हसला. मामांना वाईट वाटू नये म्हणून त्यानं काड्या उपटल्या आणि सगळा भात संपवला. मग बूट चढवता चढवता सांगत बसला, लढाई संपली की आपण दोघं कुठं कुठं जाऊ आणि कुठं काय खाऊ. ओसाका, नागासाकी, तोसा, सगळं त्यानं सांगितलेलं. तो आला नाही. पुढे बॉम्ब पडून गाव जळलं, त्यात आये गेली. मामा तेव्हा डोंगरात लाकडं आणायला गेले होते, म्हणून वाचले.

"म्हणजे तुम्ही यातलं काहीच खाल्लेलं नाही?" मी विचारलं.

"त्या गावांना कंदी गेलोच नाय तर खानार कुटं?" मामा म्हणाले. "आनि मी कुटं सांगतो, बाय? तो सांगतो. मानूस जेवून उटला की हितं, कानापाशी, बोलतो. मी तेच मोठ्यानं म्हनतो. कवा कवा तो बोलतच नाय. मग मी काय सांगू?"

भर दुपारची वेळ, बाहेर एष्टीचा धुरळा, कंडक्टरांचा आरडाओरडा, आणि मी अंगभर पदर लपेटून घेतला.

त्यानंतर आमचे हे कुठंही निघाले की मी आधी मामांकडे बघायची. हे हसायचे मला. आमसुलं आणि फणसाचे पापड आणायला त्यांची कोकणात सारखी फेरी असायची. अशाच एका सकाळी पिशव्या घेऊन निघाले. मामांनी विचारलं, "कुटं चाल्लात, शेट?" "चिपळूण." मामा उभे राहिले. त्यांचे ओठ मिटलेले. मग ते आत वळले आणि मला बिरड्याचं भांडं चुलीवर चढवल्याचा आवाज आला.

मी आत धावले. "सांगा! काहीही सांगा, खोटं सांगा!" मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तो बोलत नाय, बाय. मी मगापास्नं इनवतोय त्याला." मी बाहेर येऊन ह्यांची पिशवी धरली, सासूबाईंसमोर हाताला धरलं, लाज सोडून रडले. हे म्हणाले, "अगं वेडे, मी काय जपानला चाललोय?" मामांनी आणलेलं बिरडं त्यांनी उभ्याउभ्याच दोन घास खाल्लं, मिशी पुसली आणि गेले. संध्याकाळी निरोप आला. गाडी पुलावरून खाली गेली होती.

मी मामांना काढून टाकीन असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं होतं. तेराव्यापर्यंत मी त्यांचं तोंड बघितलं नाही. पण पदरात दोन मुलं, म्हातारी सासू. खानावळ उघडावीच लागली आणि चुलीपाशी मामांशिवाय होतं कोण? मामा मुकाट्यानं रांधायचे आणि बाहेर यायचेच नाहीत. जपान संपलंच. गिऱ्हाइकांनी हाका मारल्या तरी ते मान खाली घालून भाकऱ्या थापत राहायचे.

असे काही महिने गेले. एका दुपारी गुहागरकडचा एक मास्तर जेवून उठला आणि मामा एकदम बाहेर आले. त्यांनी विचारलंसुद्धा नाही कुठं चाललात म्हणून. म्हणाले, "गुहागरला जाताय तर वाटेत त्या वळणावरच्या बाईकडे घावनं खा. आमच्या घरच्यांसारखी नाहीत हं, पण जाळी सुरेख पडते. घरी सांगू नका मात्र, रुसेल."

माझ्या हातातलं भांडं पडलं. मामा पळस्प्याच्या खाली, कोकणात, आयुष्यात गेले नव्हते. शिवाय ते 'नाय' म्हणायचे, 'नाहीत' कधीच नाही. परगावाहून आल्यावर पिशव्या खाली टाकून माझी अशी थट्टा करणारं माणूस या जगात एकच होतं. मामा माझ्याकडे न बघता आत गेले.

मग मी रोज माणसं जेवून उठायच्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहू लागले. कधी राजापूरची गंगेकाठची आंबोळी, कधी देवरुखचं फणसाचं सांदण, कधी दापोलीचं कुळथाचं पिठलं. सगळं नीट, मिस्कील आवाजात, शेवटी माझी एक खोडी. लोक म्हणत, बाईंनी फार सोसलं, आता हसायला लागल्या. त्यांना काय सांगणार? मी भीत होते, आणि तरी त्या वेळेची वाट बघत होते.

मामा थकले तेव्हा त्यांचा पुतण्या त्यांना मोऱ्याला न्यायला आला. टांग्यात बसवताना मी त्यांचा हात सोडेना. हळूच म्हटलं, "मामा, एकदाच त्यांना सांगा ना. मुलगा मॅट्रिक झाला म्हणावं. मी बरी आहे म्हणावं."

मामांनी माझ्याकडे बघितलं. असं दुःखी तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

"कितींदा सांगितलं, बाय," ते म्हणाले. "पन त्यांना आपलं आयकू येत नाय."