ताईच्या नावाची गांधीलमाशी

संग्रहालयात सगळे त्यांना किडेमास्तर म्हणत. दुसऱ्या किड्यांच्या अंगात अंडी घालणारी एक गांधीलमाशी लाखो वर्षांपूर्वीच्या राळेत अडकलेली होती. पंखावरच्या जादा शिरेवरून मास्तरांनी तिचा स्वतंत्र गट ठरवला आणि शिवणकाम करून आपल्याला शिकवणाऱ्या ताईचं नाव तिला थाटात दिलं.

आज त्यांनी राळेचा तो खडा पुन्हा घासून भिंगाखाली धरला. शीर कसली, राळेला गेलेला तडा होता!

कानकोंडे होऊन त्यांनी ताईला फोन लावला.

"ताई, तुझी माशी जुन्याच एका गटात टाकावी लागणार."

"आणि माझं नाव?"

"गट बदलला तरी ते नियमानं तिलाच राहतं."

"म्हणजे माती खाल्लीस तू, आणि त्या चुकीच्या दुरुस्तीत जगभर लोक वाचणार माझं नाव!"