तपासलेले पत्रे

जुन्या इमारतीत शिरले की मी पहिला प्रश्न विचारते, "इथे कुठे ॲस्बेस्टॉस आहे का?" इतक्या वर्षांत मला "आहे" असं उत्तर एकदाही मिळालेलं नाही. सुपरवायझर मान हलवतो, वॉचमन मान हलवतो, नेरळच्या बाजारातल्या एका जुन्या बिल्डिंगच्या मालकाने तर गळ्याची शपथ घेतली होती. मग मी बोट वर करते. "हे काय आहे?" "हा? हा सिमेंटचा पत्रा, मॅडम." मागच्या भिंतीवरून खाली आलेला राखाडी पाइप दाखवला की तो सिमेंटचा पाइप. ॲस्बेस्टॉस म्हणजे काहीतरी परदेशी, डब्यातून येणारं, वर कवटीचं चित्र असलेलं. सिमेंट म्हणजे आपलं, घरातलं. ज्याने कुणी या वस्तूला पहिल्यांदा सिमेंटचा पत्रा म्हटलं, तो मला एकदा भेटायला हवा आहे.

माझं काम सर्व्हेचं. एखादा कारखाना, गोदाम, जुनं हॉटेल नाहीतर बंगला विकला जायचा असतो. घेणारा परदेशातला असेल, तर या इमारतीत ॲस्बेस्टॉसचा तंतू कुठे कुठे आहे ते आधी शोधून द्या म्हणतो. मी मास्क लावून शिडीवर चढते, बाटलीने पाणी फवारून पत्रा ओला करते, पकडीने कडेचा नखाएवढा तुकडा काढते, दोन पिशव्यांत बंद करते. तुटल्या जागेवर टेप, शेजारी लेबल. तुकडा प्रयोगशाळेत जातो आणि मग मी रिपोर्ट लिहिते. हे सगळं त्यांच्याकडे बंदी आहे म्हणून. आपल्याकडे बंदी नाही. कर्जतला हार्डवेअरच्या दुकानाबाहेर नवे कोरे पत्रे भिंतीला टेकवून ठेवलेले असतात. दहिवलीच्या घरून निघाले की मी त्यांच्यासमोरूनच स्कूटरवर जाते, मास्कची पिशवी हँडलला अडकवून. दुकानदार ओळखीचा आहे, हात करतो.

लेबलावर नंबर असतो, तारीख असते, माझी सही असते. त्याखाली एक शब्द मी माझ्या शहाणपणाने वाढवला. नुसती इंग्रजी लेबलं कामगार नखांनी खरवडून काढायचे. म्हणून मी मराठीत लिहायला लागले, "तपासले". म्हणजे इथला नमुना घेऊन झाला, आता इथे हात लावू नका. मला तो शब्द फार साधा आणि सोयीचा वाटायचा. आज तो लिहिणारा हात पिरगाळावासा वाटतो.

गेल्या वर्षी खोपोलीकडच्या एका कारखान्याचं काम आलं. दोन मोठी गोदामं, दोन्हींवर जुने सिमेंटचे पत्रे. मी नमुने घेतले, रिपोर्ट दिला, पत्रे उतरवावेत असं लिहिलं. काही महिन्यांनी तिथल्या साहेबांनी मला गोदाम बघायला परत बोलावलं. वर निळे लोखंडी पत्रे, खाली धुतलेली फरशी. "जुने कुठे गेले?" मी विचारलं. साहेब गोड माणूस. "व्यवस्थित विल्हेवाट लावली, मॅडम. कागद पाठवतो." कागद यायचा होता, तरी गोदाम स्वच्छ आहे या ओळीखाली मी सही केली. गोदाम स्वच्छच होतं. मी खोटं काही लिहिलं नव्हतं, हे मी स्वतःला नंतर इतक्या वेळा सांगितलं की आता ते मलाच ऐकवत नाही.

त्यानंतरच्या रविवारी आईकडे गेले. आमची वस्ती खालापूरच्या बाजूला, पंचवीस-तीस घरांची. मध्ये विहार आणि विहाराला लागून पोरांची अभ्यासिका. दहावीचा अभ्यास मी तिथेच केला, कारण घरात टीव्ही आणि अभ्यासिकेत पंखा होता. आदल्या पावसाळ्यात आंब्याची फांदी पडून अभ्यासिकेचं छप्पर फुटलं, तेव्हापासून वर ताडपत्री होती. रस्त्यावर स्कूटर लावतानाच मला ग्राइंडरचा आवाज आला. कोपऱ्यावरून वळले तर अभ्यासिकेपुढे पांढरा धुरळा. त्या धुरळ्यात माझे काका उकिडवे बसून पत्रा कापत होते. पत्र्याचं दुसरं टोक त्यांच्या सुनेने धरलं होतं. काकांचा टॉवेल गळ्यात, सुनेचा पदर कमरेला. नाकातोंडावर कुणाच्याच काही नाही.

मी ओरडले. ऐकू जाईना. मग धावत जाऊन बोर्डातली पिनच उपटली.

काका चिडायच्या ऐवजी खूश झाले. सत्तरीचा माणूस, आयुष्यभर वेल्डिंग-फॅब्रिकेशन केलेलं, अभ्यासिकेचा लोखंडी सांगाडा त्यांनी एकट्याने उभा केला होता. "आलीस गं? बघ, तुझेच पत्रे हायत!" म्हणत त्यांनी मला थप्पीपाशी नेलं. वरच्याच पत्र्यावर माझं लेबल होतं. नंबर, तारीख, सही. "सही वळखली मी लगेच. कंपनीचा मानूस बी बोलला, आमच्या मॅडमनं समदे तपासलेत, बिनधास्त घाला. मी बोललो, आरं ती मॅडम आमचीच पोरगी हाय!"

मी त्या थप्पीवर बसले आणि लगेच उठले.

काकांनी पत्र्यांची निवड केली होती. मी काही प्रत्येक पत्र्याला लेबल लावत नाही. दहा-वीस पत्र्यांत एखादा नमुना घेते. पण काकांच्या लेखी लेबलवाला पत्रा म्हणजे पास झालेला पत्रा. "ह्ये लेबलवाले पोरांच्या डोक्यावर," ते बोट दाखवत म्हणाले, "आन बिनालेबलवाले पडवीला. पोरांना चांगलंच पायजे ना." तोवर त्यांची सून खराट्याने कापलेली भुकटी गोळा करायला लागली होती. एक घमेलं तिने आधीच दारातल्या चिखलावर पसरून टाकलं होतं. सिमेंटच आहे, चिखल बसेल, असा तिचा सरळ विचार. तिचं काय चुकलं?

मी तिच्या हातातून खराटा ओढून घेतला. बादलीभर पाणी आणून सगळ्यावर ओतलं, दारातल्या चिखलावरही. मग सांगितलं, जमेल तसं. या पत्र्यात बारीक तंतू असतात, डोळ्यांना न दिसणारे. कापलं, घासलं, फोडलं की ते हवेत उडतात आणि छातीत जाऊन बसतात. छातीतून परत निघत नाहीत. पुढे कधीतरी दम लागतो, कुणाला कॅन्सर होतो. कंपनीने ते आपल्या कामगारांच्या डोक्यावरून काढले ते याचसाठी, आणि ते काढा असं मीच लिहून दिलं होतं.

काकांनी मान वर करून चहूबाजूला पाहिलं. "आगं, मग आपल्या घरांवर काय हाय?"

हेच आहे. वस्तीतल्या निम्म्या घरांवर हेच आहे. आईच्या स्वयंपाकघरावर तर माझ्या लहानपणापासून आहे. पावसाळ्याआधी तारेचा ब्रश घेऊन मीच वर चढायचे आणि शेवाळ घासून काढायचे. खाली आले की केस पिठात घातल्यासारखे पांढरे. लोकांची गोदामं तपासत मी हिंडले, पण माझ्या किटमधली एक पिशवी आईच्या घरासाठी मी कधी उघडली नाही. तुकडा घ्यायची गरजच नव्हती. उत्तर मला ठाऊक होतं, आणि पत्रे उतरवून वर घालायचं काय हे ठाऊक नव्हतं, म्हणून मी तिथे बसून तिच्या हातचं जेवून, वर न बघता परत यायचे. काकांना मी हे सांगितलं नाही. मला लाज वाटली.

सोमवारी सकाळीच त्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. त्यांनी चहा मागवला. "मॅडम, लोकांनीच मागितले हो. तीन वस्त्यांना दिले. नारळ वाढवला, फोटो काढले, सगळे किती खूश होते." त्यांनी फाइल उघडून दाखवली. काकांची वळणदार सही होती, आणि वर छापलं होतं, "वापरण्याजोगे व तपासलेले पत्रे स्वेच्छेने स्वीकारले." माझा शब्द त्यांनी उचलून तिथे नेऊन बसवला होता.

"हे विष आहे हे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "मीच चाळीस पानांत लिहून दिलं होतं."

"पण मॅडम, त्यांच्या घरांवर आधीपासून हेच आहे ना? मग फरक काय पडतो?"

काकांनी हेच विचारलं होतं, पण काकांना उत्तर हवं होतं. हा माणूस उत्तर देऊन मोकळा होत होता. मी टेबलावर हात आपटला, चहा फाइलवर सांडला आणि मला त्याचा आनंद झाला. "फरक पडत नाही तर तुमच्या डोक्यावरचे का काढलेत?" मी ओरडले. "ती हेड ऑफिसची पॉलिसी आहे," ते टिश्यू पेपरने फाइल टिपत म्हणाले. पत्रे परत घ्या म्हटलं तर म्हणे, गेटबाहेर गेलेला माल आत घेता येत नाही. नियम आहे. आत ठेवायचा नाही हा नियम, परत घ्यायचा नाही हाही नियम. मधल्या रस्त्यावर आमची वस्ती.

संध्याकाळी विहारात सगळे जमले. मी पुन्हा सांगितलं. कुणी म्हणालं, रंग मारून घालूया. कुणी म्हणालं, पोरांनी अजून एक पावसाळा ताडपत्रीखाली काढायचा का? दोघांचंही मला पटत होतं, म्हणून मी आणखीच चिडले. तेव्हा वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई भिंतीला टेकून बसली होती ती बोलली. बाबासाहेबांच्या मागे सगळ्यांनी धम्म घेतला तेव्हा ती नवी नवरी होती. "आमच्या सासूनं तवा सांगितलं व्हतं, आता कुनाचं उतरलेलं आंगावर घ्यायचं नाय," ती म्हणाली. "लुगडं नाय आन पत्रा बी नाय. ज्याचा त्याला नेऊन द्या. यात बोलायचं काय हाय?"

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना मास्क दिले. पत्रे ओले केले, न फोडता जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळले, टेप लावली. प्रत्येक गठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत मी लिहिलं, "विषारी. घरावर घालू नका." या वेळी सही केली नाही. टेंपोने ते कारखान्याच्या गेटवर नेले. वॉचमनने गेट उघडलं नाही, म्हणून बाहेर भिंतीलगत रचून आलो. काकांनी जाताना वॉचमनला वाकून नमस्कार केला, तो माझ्याने बघवला नाही.

तिसऱ्या दिवशी मी गेले तर भिंतीलगत काहीच नव्हतं. फक्त प्लास्टिक होतं, नीट घडी घालून ठेवलेलं, वर उडू नये म्हणून दगड. कुणीतरी गठ्ठे उघडून पत्रे घेऊन गेलं होतं. साहेबांचा फोन आला, "चला मॅडम, प्रश्न मिटला." त्या फोनवर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या कंपनीचं काम मला पुन्हा मिळालं नाही, ते बरंच झालं. पण अजूनही खोपोली-कर्जत रस्त्याने जाताना माझी नजर रस्त्यावर ठरत नाही. गोठ्यांवर, टपऱ्यांवर, न्हाणीघरांवर मी माझी लेबलं शोधत असते. एकदा त्या नादात एका रिक्षाला धडकले.

पुढच्या रविवारी वस्तीत गेले तेव्हा काका पायरीवर बसले होते. त्यांनी सहजच विचारल्यासारखं विचारलं, "आगं, त्या दिवशी ती भुकटी नाकात ग्येली त्याचं काय?" मी म्हणाले, काही व्हायचं असलं तरी लगेच होत नाही. वीस वर्षं लागतात, तीस लागतात, चाळीसही.

"मंग माजं काय जातंय?" काका हसायला लागले. "तवर मी कुठला गं!" शेजारपाजारचेही हसले. मीही हसले, सुटल्यासारखी.

काकांची सून हसली नाही. ती खालच्या पायरीवर मुलीच्या केसांत फणी फिरवत होती. मुलगी चार वर्षांची. "ताई," ती म्हणाली, "मी चोवीस वर्षांची हाय."

मला कुणीच काही विचारू नये असं त्या क्षणी वाटलं. "एका सकाळच्या भुकटीने बहुधा काही होत नाही," मी म्हणाले. खरं तेच होतं. पण कारखान्याच्या साहेबांनी गोदामांचा अख्खा रिपोर्ट एकदा परत पाठवला होता, त्यात एका ठिकाणी "बहुधा" लिहिलं होतं म्हणून. आमच्या माणसांच्या बाबतीत बहुधा चालत नाही मॅडम, हो की नाही ते स्पष्ट लिहा, असं म्हणाले होते. आणि मी पुन्हा शिडीवर चढून स्पष्ट लिहून दिलं होतं. हिला द्यायला माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता.

"बहुधा," ती म्हणाली. तिने मुलीची वेणी घातली, लाल रिबीन बांधली, गाठ ओढून पाहिली. "म्हंजी ही माज्याएवढी झाली की कळंल."