दात बघून घेतलेली मशीन

यंदाच्या वैशाखात काष्टीत एक बातमी फिरत होती, की जयमालाकाकूनं श्रीरामपूरच्या एका दुकानात भर दुपारी दुकानमालकाचा हात धरला. नुसता धरला नाही, वर रुमाल टाकून धरला. बातमीची मूळ मालकीण मालनबाई. त्या लेकीकडं श्रीरामपूरला गेल्या होत्या आणि दुकानाच्या काचेतून त्यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. "मला काय करायचंय बाई कुनाचं," अशी त्यांची सुरुवात. एवढं वाक्य संपेपर्यंत समोरची बाई मांडी घालून खाली बसलेली असायची. सोमवारी रुमाल होता, बुधवारी त्याचा पदर झाला, आणि शनिवारच्या बाजारापर्यंत जयमालाकाकू त्या मालकाबरोबर भंडारदऱ्याचं धरण बघून आली होती.

आता खरं काय ते सांगायला हवं. हात धरला होता. रुमालही होता. भंडारदरा मात्र मालनबाईंनी पदरचा घातला.

जयमालाकाकू चोवीस वर्षं ब्लाऊज शिवते. ओसरीवर शिलाई मशीन, खिडकीत रिळांची रांग, गळ्यात टेप. हा टेप ती लग्नालाही घालून जाते आणि जेवताना लक्षात आलं की पदराखाली सारते. नवरा सहादेव दुधाचा टेम्पो चालवतो. पण काकूचं खरं शिक्षण झालं ते तिच्या बापाकडं. रंभाजी काष्टीच्या जनावरांच्या बाजारात हेडी होते, म्हणजे घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा सौदा जुळवून देणारे. लहानपणी बापाचं बोट धरून बाजारात फिरताना काकू बैलाचे दात मोजायला शिकली. पाढे त्यानंतर आले.

तिला ओव्हरलॉक मशीन हवी झाली ती धनश्री मॅडममुळं. धनश्री मॅडम गावातल्या इंग्लिश शाळेच्या मुख्याध्यापिका. प्रत्येक वाक्याला "लक्षात येतंय का?" असं शेपूट लावतात आणि समोरच्यानं मान हलवल्याशिवाय पुढं जात नाहीत. आदल्या वर्षी काकूनं त्यांच्या शाळेचे फ्रॉक शिवले. शिवण सरळ, मापं चोख, पण आतले काठ उघडे. पहिल्या धुण्यालाच धागे निघाले. पहिलीतल्या एका पोरीनं भर प्रार्थनेत एक धागा ओढायला घेतला आणि प्रतिज्ञा संपेपर्यंत ती घेरापाशी पोहोचली होती.

"जयमालाताई, यंदा शेवटची संधी," मॅडम म्हणाल्या. "नव्वद फ्रॉक. आतला एकेक काठ ओव्हरलॉक केलेला. शाळा उघडायच्या आधी दोन दिवस माझ्या टेबलावर. नाहीतर ऑर्डर कायमची पुण्याला जाईल. लक्षात येतंय का?"

काकूनं मान हलवली. मशीन नव्हती, पण मान होती.

तोवर काठ मारायला कपडे श्रीगोंद्याला पिको-फॉलच्या दुकानात जायचे आणि तिथला माणूस बारा महिने "उद्या" म्हणायचा. नव्वद फ्रॉक त्याच्या उद्यावर सोडणं शक्य नव्हतं. आणि काकूला भीती मशीन न मिळण्याची नव्हती. भीती होती ती निम्म्यात बंद पडण्याची. काष्टीत ओव्हरलॉकचा मिस्त्री नाही. शंभर किलोमीटरवरून मिस्त्री येईपर्यंत फ्रॉक पुण्यात शिवून व्हायचे.

सहादेवकाकांनी मोबाईलवर एक पांढरीशुभ्र मशीन शोधली. "ही बघ. घरपोच. हिला लाईट पन हाय."

"अवो, बैल कुनी फोटू बघून घेतं का?"

"ह्यो बैल हाय व्हय?"

"चालताना आडला तर बैलच."

नगरला दोन दुकानं झाली. दोन्हीकडं काकूनं एकच मागणी केली: झाकण उघडून दाखवा. दोन्हीकडं उत्तर एकच, उघडलं तर वॉरंटी जाईल. "तोंड उघडू देत न्हाई म्हंजी दात पडलेत," असं म्हणून काकू बाहेर. मग कुणीतरी श्रीरामपूरचं एक दुकान सांगितलं, जिथं मिस्त्री दुकानातच बसतो. काकूनं पिशवीत जुन्या जीनची तंगडी, नायलॉनच्या साडीचा तुकडा, शाळेच्या कापडाची कातरणं आणि भाकरी घेतली आणि एसटी धरली.

दुकानाचे मालक आबासाहेब. पोट पुढं, चष्मा कपाळावर, आणि बोलण्याच्या आधी "म्हणजे बघा". त्यांनी पहिल्यांदा पांढरी प्लास्टिकची मशीन पुढं केली.

"म्हणजे बघा ताई, ही परदेशी. आवाज नाही, वजन नाही. घरातल्या बायकांसाठीच काढलीय."

"आन ती?" काकूनं कोपऱ्यातल्या एका करड्या लोखंडी मशीनकडं बोट केलं. तीन धाग्यांची, मोटर वेगळी, पट्टा बाहेर, दिसायला आडदांड.

"ती म्हणजे बघा, जुनी चाल. तुम्हाला शोभणार नाही."

"मला कुठं ती घालून मिरवायचीय?"

मग काकूनं पारख मांडली. आधी दोन्ही मशिनींची हातचाकं हातानं फिरवली, कान लावून. मग कापड पुढं सरकवणारे दात बोटानं चाचपले. प्लास्टिकवालीचे बारके आणि गुळगुळीत, लोखंडीचे टोकदार. शाळेचं कापड दोन्हीकडं छान चाललं. आबासाहेब हसले. पण रंभाजींची शिकवण अशी, की मोकळ्या रस्त्यावर कोणताही बैल चालतो. त्याला चिखलात घालून बघायचं. काकूनं जीनची तंगडी काढली, तिची जाड शिवण चौपदरी दुमडली आणि प्लास्टिकवालीत घातली.

कट्. सुई तुटली, धागा सुटला, मशीन मुकी झाली.

"अहो ताई! काय केलंत?"

"आडवली. आता चालती करा."

हिचं झाकण कंपनीशिवाय कुणी उघडायचं नव्हतं, म्हणून आबासाहेबांनी पुस्तक काढलं. पुस्तक चार भाषांत होतं, त्यात मराठी नव्हती. मग कंपनीला फोन लावला. फोनमधली बाई म्हणाली हिंदीसाठी दोन दाबा. दोन दाबल्यावर गाणं लागलं. काकूनं शांतपणे भाकरी सोडली, खाल्ली, हात धुतले. गाणं चालूच होतं.

"हिचा काठ कापायचा चाकू बोथट झाला तर कुठं मिळंल?"

"कंपनीकडून मागवावा लागतो. म्हणजे बघा, महिनाभरात..."

"बरं. आता तिला चिखलात घाला."

लोखंडीच्या पोटात तंगडी गेली. चौपदरी शिवणीशी तीही अडली, सुई तिचीही तुटली. पण मागच्या स्टुलावरून वाल्मिक मिस्त्री उठला. दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस. एक स्क्रू ड्रायव्हर, एक चिमटा. झाकण खाली पाडलं, नवी सुई बसवली, धागे ओवले. आलेला चहा निवायच्या आत मशीन चालू.

"आता तुमी बाजूला व्हा, दादा," काकू म्हणाली आणि स्वतः सगळे धागे उपसून टाकले.

पहिल्यांदा ओवताना चुकली. दुसऱ्यांदाही चुकली, कारण खालच्या लूपरचा धागा आधी घ्यायचा राहिला. लूपर म्हणजे सुईखाली धागा फिरवणारं वाकडं बोट. ओव्हरलॉकची सगळी खोडी त्यातच. तिसऱ्यांदा काठ असा पडला की वाल्मिकनं आपल्या चार वाक्यांतलं एक खर्च केलं. "बाई, कामाला येता का हितं?"

मशीन ठरली, किंमतही ठरली. अडलं ते वरच्या मालावर. काकूला जास्तीचे चाकू आणि लूपर फुकट हवे होते. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं उभी होती. आबासाहेब वाकून कुजबुजले, "ताई, म्हणजे बघा, ह्यांच्यासमोर तुम्हाला दिलं तर सगळेच मागतील."

काकूनं पिशवीतून भाकरीचा रुमाल काढला, झटकला आणि काउंटरवर हात पुढं करून त्याच्यावर पांघरला.

आबासाहेबांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात आजोबांबरोबर हिंडलेला माणूस तो. लहानपणी बघितलेलं सगळं त्यांच्या चेहऱ्यावर परत आलं, आणि चाळीस वर्षांनी त्यांनी रुमालाखाली हात घातला. बाजारात असाच सौदा होतो: चारचौघांत, पण चारचौघांना न कळता, बोटं दाबून. बोट म्हणजे चाकू, अंगठा म्हणजे लूपर. काकूनं चार बोटं दाबली, अंगठा दोनदा. आबासाहेबांनी एक सोडवलं. काकूनं ते परत धरलं. आबासाहेब "नाही" म्हणून मान हलवत होते आणि लहान पोरासारखे हसतही होते. गिऱ्हाइकं बघत होती. काचेबाहेर मालनबाईही बघत होत्या.

मशीन घरी आली त्याच्या आधी बातमी पोहोचली. टेम्पोतून मशीन उतरवून सहादेवकाका घसा खाकरत म्हणाले, "हात धरला म्हनं त्याचा?"

"धरला."

"लई येळ?"

"चार चाकू आन दोन लूपर हुईस्तवर."

काकांनी सुटे भाग मोजले, बरोबर भरले, आणि विषय मिटला.

मशीन चालली. ओसरीवर निळ्या फ्रॉकांचा ढीग वाढत गेला. मुदतीला तीन दिवस उरले आणि त्रेसष्टाव्या फ्रॉकला, कमरेच्या चुण्या जिथं एकावर एक येतात तिथं, खाडकन आवाज झाला. सुईचे दोन तुकडे, आणि खालचा लूपर टोकाशी मोडलेला.

सहादेवकाका डोक्याला हात लावून म्हणाले, "चल, आता श्रीरामपूर. मी टेम्पो काढतो."

शेजारचं एक कार्टं तेव्हा ओसरीच्या पायरीवर बसलं होतं. गल्लीत कुणीही बोललं की पाठीमागं त्याचा आवाज काढणारं, मॅडमचं "लक्षात येतंय का" मॅडमच्या आधी म्हणणारं. हे लिहिणारं तेच. ते म्हणालं, "काकू, पुन्यात फोन लावू का? म्हनावं, सत्तावीस फ्रॉक शिवा. लक्षात येतंय का?"

काकू हसली नाही. तिनं हात पदराला पुसले. मग उठून आत गेली, डाळीचा कुकर गॅसवर ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाली, "पाच शिट्ट्यांच्या आत चालू करते. लावतो पैज?"

"लावली. कशावर?"

"मी हरले तर रोज तुझ्या आवडीचं जेवान, आठ दिवस. तू हरलास तर आठ दिवस तोंडानं कुनाची नक्कल करायची न्हाई."

झाकण पडलं. पहिली शिट्टी झाली तेव्हा मोडका लूपर बाहेर होता. नवा बसवताना स्क्रू हातातून सुटून चिंध्यांत गेला. काकू हातांनी चिंध्या चाळत बसली आणि दुसरी शिट्टी झाली. कार्टं पाणी प्यायला म्हणून आत गेलं आणि हळूच गॅस मोठा केला. तिसरी शिट्टी चढ्या आवाजात आली.

"गॅस बारीक कर मेल्या," काकू मान वर न करता म्हणाली. "शिट्टीचा आवाज वळखते मी."

स्क्रू सापडला. लूपर बसला. खालचा धागा आधी, मग वरचा, मग सुई. चौथी शिट्टी. काकूनं चाक हातानं एकदा फिरवलं, कान लावला, परत काढून लूपर केसभर मागं घेतला. पुन्हा फिरवलं. पाय दाबला. चुण्यांवरून मशीन गेली ती थेट पलीकडं, आणि त्यानंतर पाचवी शिट्टी झाली.

नव्वद फ्रॉक वेळेत मॅडमच्या टेबलावर गेले. मॅडमनी त्यातला एक उलटा केला आणि नखानं काठ उचकटून बघितला. धागा निघाला नाही. दुसरा बघितला, पाचवा बघितला. "पुढच्या वर्षी मुलांच्या पँटीही घ्याल ना?" एवढंच म्हणाल्या. शेपूट लावायचं त्या विसरल्या, आणि ते लावून द्यायला जवळ उभं असलेलं कार्टं दात आवळून गप्प होतं.

आज पैजेचा पाचवा दिवस. काल मालनबाई दारात येऊन "मला काय करायचंय बाई" म्हणाल्या तेव्हा तर जीव जायची वेळ आली होती. पण शब्द म्हणजे शब्द. तोंड बंद आहे. कागदाचं तेवढं काकूनं काही ठरवलं नव्हतं.