न बिघडणारं तेल

आई गेली तरी जबलपूरच्या चेरीताल भागातल्या आमच्या घरातून तिचा वास काही गेला नाही. संध्याकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून परतले की जिन्यातच तो गाठायचा आणि दरवेळी छातीत धस्स व्हायचं. ती आवळे ठेचून तिळाच्या तेलात उकळायची. ते तेल तिच्या केसांत, उशीत, पदरात मुरलेलं. भुताखेतांच्या गोष्टींचा मला मनस्वी तिटकारा. पण त्या वासाची भीती वाटायची, आणि एक दिवस तो नसेल याची त्याहून जास्त.

तिची शेवटची बाटली बाबा रोज उघडून हुंगत, थेंबभर तेल तिच्या उशीला लावत. तेल तळाला लागलं तेव्हा म्हणाले, "बेटा, तू इतकी केमिस्ट्री करून राहिली, हे टिकवता येत नाही काय? हा वास गेला तर मी काय करू?"

माझं कामच ते. आवळ्यातलं गॅलिक ॲसिड तेलाला खवट होऊ देत नाही. पण ते पाण्यात रमणारं, तेलात नीट उतरतच नाही. आवळा घातला की तेल बिघडत नाही, हा आईचा ठाम समज. मी काही बोलायला गेले की म्हणायची, "चलो, आली मोठी शहाणी!" आम्ही प्रयोगशाळेत त्या रेणूला एक लांब, तेलकट शेपूट जोडतो. मग तो तेलात मुकाट मिसळतो आणि तिथं राखण करतो.

पनागरचे आवळे आणले, गढा भागातल्या तेलघाण्यावरून तिळाचं तेल आणलं. आई करायची तसंच, फेस बसेपर्यंत बाबांनी ते उकळलं. मी दोन बाटल्या भरल्या. एकीत माझा शेपटीवाला रेणू टाकला, दुसरी तशीच ठेवली. तुलनेला एक कोरी ठेवल्याशिवाय माझ्या हातून काही होतच नाही.

"ही काहून सोडली?" बाबांनी विचारलं.

"फरक कळायला, बाबा."

जबलपूरचा अख्खा उन्हाळा दोन्ही बाटल्यांनी खिडकीत काढला. मग एका दुपारी आम्ही त्या उघडल्या. माझं तेल अगदी ताजं, कालच केल्यासारखं. मी मनातून खूश. बाबांनी हुंगलं आणि पाहुण्यांच्या घरचा चहा वाखाणावा तसं "अच्छा आहे" म्हणाले.

त्यांनी दुसरीचं बूच काढलं आणि मला ते जिन्यातलं धस्स झालं. तेल खवट झालं होतं. आईचं तेल कायमच थोडं खवट असायचं, आणि आम्ही त्यालाच आई म्हणत होतो. दिवसभर खवट तेलं हुंगणारी मी, घरी तो वास मला कधी ओळखूच आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला रडू आवरेना.

बाबांनी ती बाटली दोन्ही हातांनी माझ्यापासून लांब धरली.

"तुझी आई आली," ते म्हणाले. "यात तुझं ते काही टाकू नको, बेटा."