मीटरकाकांचा किलोमीटर

आमच्या उद्यान विभागात प्रत्येकाला टोपणनाव आहे आणि एक सोडलं तर सगळी कुचकट आहेत. मला माझ्यामागे ‘खटखट’ म्हणतात, कारण मी दिवसभर टाइप करते आणि तोंडही तसंच चालवते. प्रेमाने पडलेलं ते एकच नाव म्हणजे मीटरकाका.

काकांचं काम मोजण्याचं. शहरातल्या बागांच्या वाटा, कुंपणं, हिरवळीचे तुकडे, सगळं त्यांनीच मोजलेलं. त्यासाठी त्यांच्याकडे एक चाक होतं. लांब दांडा, खाली चाक, वर छोटासा आकडा दाखवणारा डबा. चाकाचा एक फेरा म्हणजे एक मीटर. फेरा पूर्ण झाला की डबा ‘कट्’ करायचा. काका बागेतून जायला लागले की झाडाआडूनही कळायचं, कट्, कट्, कट्.

मोजायची सवय त्यांच्या अंगात इतकी भिनलेली की चहाची टपरी जवळच आहे म्हटलं तर त्यांचा चेहरा दुखल्यासारखा व्हायचा. “जवळ म्हणजे किती?” ते विचारायचे. मग स्वतःच सांगायचे, “चौऱ्याऐंशी मीटर.” साखर किती घालू विचारलं तर मात्र म्हणायचे, “थोडी.” मी हे एकदा त्यांच्या लक्षात आणून दिलं. आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी.

माणूस नाकासमोर चालणारा. त्यांनी सांगितलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माझ्या नऊ वर्षांत तीन साहेब बदलले, पण काकांनी मोजलेलं पुन्हा मोजावं असं कोणाच्या मनातही आलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी त्या चाकाचं रबर फाटलं. नवीन चाक मागितलं तर वरून उत्तर आलं, पुढच्या वर्षी. आमच्याकडे पुढचं वर्ष कधीच येत नाही, हे काकांना माहीत होतं. त्यांनी टायरवाल्याकडून एका जुन्या ट्यूबची जाड पट्टी कापून आणली आणि स्वतःच्या हाताने चाकाला चिकटवली. अशी सफाईने की सांधा शोधून सापडत नव्हता. दर वर्षी कामाच्या पहिल्या दिवशी ते चाक तपासायचे. आमच्या व्हरांड्याच्या फरशीवर दोन पांढऱ्या रेघा आहेत, वीस मीटर अंतरावर. आम्ही सगळे कप हातात धरून बघत उभे राहायचो. काका एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत चाक चालवायचे, बरोबर वीस वेळा ‘कट्’ व्हायचं, आणि ते डायरीत लिहायचे, “चाक बरोबर.”

काकू म्हणजे त्यांच्या घरच्या. गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या, काकांना सोडून कोणाला न घाबरवणाऱ्या. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, रोज एक किलोमीटर चालत जायचं, थोडं बसायचं, एक किलोमीटर परत यायचं. काकांना हे औषध फार आवडलं. मोठ्या बागेतली कालव्याकाठची पायवाट त्यांनीच मोजलेली, दर अर्ध्या किलोमीटरला त्यांनीच दगड बसवलेला. माझं घर बागेच्या समोर, मीही तिथेच फिरायला जाते, त्यामुळे मला हे दोघं रोज सकाळी दिसायचे. पण एक किलोमीटरचा दगड दिसायला लागला की त्याच्या थोडं अलीकडे एक बाक आहे, तिथे काकू बसून घ्यायच्या.

“अगं, अजून दगड आला नाही.”

“माझा किलोमीटर इथे संपतो. तुमचा लांब आहे.”

“किलोमीटर लांब-आखूड नसतो. माणूस आळशी असतो.”

“बरं, मी आळशी. तुम्ही या जाऊन.”

मग काका एकटे पुढे जायचे, दगडाला हात लावायचे आणि परत यायचे. तोवर काकू बाकावर बसून कालव्याकडे बघत असायच्या. सहा वर्षांत ना त्या उठल्या, ना ते बसले.

आता अर्जाचं सांगते. ती पायवाट पुढे एका तारेच्या कुंपणाशी संपते. कुंपणापलीकडे शहराचीच पडीक जागा, आणि ती ओलांडली की इस्पितळाचं मागचं दार. ती जागा सोडून इस्पितळात जायचं तर ट्रकच्या रस्त्याने, जिथे पायी चालणाऱ्याला जागाच नाही. काकूंना दर महिन्याला तपासणीला तिकडेच जावं लागतं. पायवाट कुंपणापुढे आठशे मीटर वाढवली तर पेशंट माणूस झाडांखालून चालत दारात पोचेल, अशी योजना गेली कित्येक वर्षं आमच्या कपाटात पडून होती, कारण शहराकडे त्यासाठी पैसा नव्हता. यंदा एका संस्थेने पायवाटांसाठी अनुदान जाहीर केलं. बत्तीस पानांचा अर्ज. तो मी भरला. प्रश्न चौदावा होता, सध्याच्या वाटेची अचूक लांबी.

“दोन हजार चारशे,” काका कागदातून मान वर न काढता म्हणाले. “डोळे मिटून लिहा.”

मी डोळे मिटून लिहिलं. काकांनी खाली सही केली. दीड महिन्याने ते निवृत्त होणार होते, आणि जायच्या आधी हे काम मार्गी लागावं हा एकच ध्यास त्यांनी घेतला होता.

पंधरा दिवसांनी संस्थेचं पत्र आलं. आमच्या उपग्रहाच्या नकाशावरून आपली पायवाट सुमारे दोन हजार चारशे नव्वद मीटर दिसते, आपण दोन हजार चारशे लिहिली आहे. दहा दिवसांत खुलासा करावा, अन्यथा अर्ज बाद समजण्यात येईल.

काका असे तापले की मी पाण्याचा ग्लास पुढे केला. “आकाशात बसून वाट मोजतात! उंटावरून शेळ्या हाकायच्या! चला व्हरांड्यात, दाखवतो.”

आम्ही सगळे गेलो. काकांनी चाक पहिल्या रेघेवर ठेवलं, चालवलं. वीस वेळा ‘कट्’, चाक दुसऱ्या रेघेवर. “झालं समाधान?”

आता माझं तोंड गप्प बसलं असतं तर बरं झालं असतं. “काका, भांडारात स्टीलची नवीन टेप आली आहे. तीही लावू, म्हणजे पत्रात लिहिता येईल.”

टेप आणली. मी एक टोक धरलं, काकांनी दुसरं. दोन रेघांमधलं अंतर भरलं वीस मीटर पंच्याहत्तर सेंटीमीटर.

टेप खोटी आहे, काका म्हणाले. दुसरी टेप आणली. तिनेही तेच सांगितलं. मग काका व्हरांड्यातल्या स्टुलावर बसले.

“ही फरशी कधी बदलली?” त्यांनी विचारलं.

“अकरा वर्षं झाली. चाकाला पट्टी लावली त्याच वर्षी,” आमचा शिपाई म्हणाला.

“तेव्हा जुन्या रेघा गेल्या. नव्या मीच मारल्या.”

“कशाने मोजून?” मी विचारलं.

काका हातातल्या चाकाकडे बघत राहिले.

तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. ती जाड पट्टी लावल्यापासून चाक थोडं मोठं झालं होतं. त्याचा एक फेरा म्हणजे एक मीटर आणि वर जवळजवळ चार सेंटीमीटर, पण डबा बिचारा ‘एक’ म्हणूनच मोजायचा. त्याच चाकाने काकांनी रेघा मारल्या आणि त्याच रेघांवर दर वर्षी ते चाक तपासलं. स्वतःच परीक्षार्थी आणि स्वतःच परीक्षक, मग नापास कोण होणार? अकरा वर्षांत त्यांनी मोजलेली शहरातली प्रत्येक वाट कागदावर होती त्यापेक्षा लांब होती.

साहेबांनी आम्हाला आत बोलावलं. साहेब वाईट माणूस नाही, फक्त त्यांना भानगड नको असते. “सोपं आहे,” ते म्हणाले. “टाइप करताना चूक झाली, चोवीसशे नव्वदच्या जागी चोवीसशे पडलं, असं कळवू. काय बाई, तुमची हरकत?”

“नाही,” मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. माझ्या चुका काढायची या विभागाला सवय झालेली आहे, आणखी एकीने काय आभाळ कोसळणार होतं!

“माझी आहे,” काका म्हणाले. “या बाई रोज चुकतात. स्पेलिंग चुकतात, तारखा चुकतात, पण आकड्याला कधी चुकलेल्या नाहीत. माझी चूक त्यांच्या नावावर घालू नका.”

“अहो, एक महिना राहिलाय तुमचा! अकरा वर्षांची मापं चुकली असं सहीनिशी लिहून देणार? असलं पत्र वाचून त्यांनी अर्ज फेकून दिला तर? आणि निरोपाच्या भाषणात मी काय बोलू?”

“खरं बोला. लवकर संपेल.”

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. कारण साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्यांना वीस मीटर धड मोजता येत नाहीत त्यांच्या हातात कोण अनुदान देईल? काकांच्या खरेपणापायी काकूंचीच वाट अडून बसायची, हे काकांनाही कळत होतं. ते चाक खांद्यावर टाकून घरी गेले, ढकलत नेलं नाही.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. “आले ते बूट न काढताच बसले. मला वाटलं नोकरी गेली. मग म्हणाले, रविवारी टेपचं टोक धरायला येशील का? एवढंच. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पहिल्यांदा काम सांगितलं त्यांनी मला ऑफिसचं.”

रविवारी सकाळी आम्ही तिघं पायवाटेवर होतो. काकू टेपचं शून्याचं टोक धरायच्या, काका तीस मीटरवर खडूची खूण करायचे, मी वहीत रेघ ओढायचे. मग काकू सावकाश त्या खुणेपर्यंत चालत यायच्या. चालायला आलेली माणसं थांबून बघत होती. एक आजोबा म्हणालेच, “मोजा, मोजा. इथला किलोमीटर संपतच नाही मेला.”

तेहेतीस टेपा झाल्या. नऊशे नव्वद मीटर. आता दहाच राहिले. काका टेप ओढत पुढे गेले, आठवर तो बाक आला, आणि दहावर ते थांबले. बाकापासून तीन पावलं पुढे. त्यांचा दगड अजून अडतीस मीटर लांब उभा होता.

काका त्या जागेवर उभे राहिले. बाकाकडे बघितलं, दगडाकडे बघितलं, मग काकूंकडे. मी वहीत तोंड खुपसलं.

काकू टोक हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. “तीन पावलं मी चोरत होते,” त्या म्हणाल्या. “तेवढं कबूल आहे मला.”

आम्ही उरलेली वाट मोजली, कुंपणापलीकडची जागाही मोजली. मधे काकूंना दोनदा बसवलं. सोमवारी काकांनी पत्र सांगितलं आणि मी टाइप केलं. चाक मी दुरुस्त केलं, रेघा मी मारल्या, तपासणीही मीच केली, त्यामुळे चूक अकरा वर्षं मला दिसली नाही. खरी लांबी दोन हजार चारशे एक्याण्णव मीटर. ही टेपने मोजली आहे, आपणही येऊन मोजावी. चुकीत अन्य कोणाचा हात नाही. शेवटच्या वाक्याला माझे डोळे भरून आले आणि मी ‘हात’ दोनदा टाइप केला. काकांनी तो लाल पेनाने खोडला.

संस्थेचा माणूस आला, त्याने स्वतःच्या टेपने सगळी वाट मोजली, एक शब्द न बोलता गेला. आम्हाला वाटलं, संपलं. काका रोज टपालाच्या वेळी दारापर्यंत जायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. त्यांच्या नोकरीचे चार दिवस उरले असताना पत्र आलं. खुलासा मान्य. मापं बरोबर. अनुदान मंजूर. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं, आणि मग कधी नव्हे ते स्वतःच्या खिशातून सगळ्यांना चहा पाजला.

शेवटच्या दिवशी काकांनी हातात काम घेतलं ते दगड हलवण्याचं. दोन माळी घेऊन सकाळीच बागेत गेले. मी निरोपाच्या कार्यक्रमाला त्यांना बोलवायला गेले तेव्हा एक किलोमीटरचा दगड नव्या जागी बसला होता, बाकापासून तीन पावलांवर. भोवतीची माती अजून ओली होती. काकू नेहमीच्या बाकावर बसल्या होत्या.

काकांनी सवयीने दगडाला हात लावला आणि वळले. पण बाकाशी येऊन ते उभेच राहिले.

“अगं, मी काल हिशेब केला,” ते म्हणाले. “इथून दगडाच्या जुन्या जागेपर्यंत जाऊन-येऊन ऐंशी मीटर. रोजचे. सहा वर्षं.”

“मग?”

“पावणेदोनशे किलोमीटर मी तुला एकटीला सोडून चाललोय. नुसता दगडाला हात लावायला.”

मी मागच्या मागे परत फिरणार होते, पण पाय निघेना.

काकूंनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि थोड्या सरकल्या.

“बसा आता,” त्या म्हणाल्या.