टाचेचा ताल

आज देवापुढे लोबान जाळला आणि मस्कतमधलं ते थिएटर आठवलं. तिथेही दारातच लोबान धुमसत होता.

दहा-बारा वर्षं झाली. मस्कतच्याच अल् खुवैर भागात मी एका पुण्याच्या कुटुंबाकडे स्वयंपाकाला होते. अमेरिकेतले खेड्यापाड्यातली गाणी म्हणणारे गायक आले होते. वहिनींच्या मैत्रिणीला ताप आला, म्हणून एक तिकीट उरलं. साहेब म्हणाले, "सुमनला ने."

"चौथी शिकलीय ती. काय कळणार? झोपेल तिथे," वहिनी म्हणाल्या.

"झोपू दे. एसीत झोपेल."

मी हसले, पण ते लागलं.

स्टेजवर मोठी टोपी घातलेली एक म्हातारी बाई गात होती. मला दोनच शब्द कळले, मदर आणि होम. मग तिने गिटार खाली ठेवली, बुटाच्या टाचेने ताल धरला आणि लोकांना टाळ्यांची खूण केली. टाळ्या पुढेमागे पडायला लागल्या. आमच्या गावी भजनात कुणाची टाळी चुकली, की बुवा गाणं थांबवून बघायचे. माझी टाळी नेमकी टाचेवर पडली.

वहिनींनी माझं मनगट धरलं. "सुमन, हळू. लोक बघतायत."

असं कुणी म्हटलं की मी नेहमी हात खाली घ्यायचे. त्या दिवशी मनगट सोडवलं. "बघू देत, वहिनी." शेवटपर्यंत वाजवली. पुढची रांग माझ्या टाळीवर आली.

 परतताना गाडीत नोकरी जाईल अशी भीती वाटत होती. आज वाटतं, तो उद्धटपणा बरोबरच होता. एकदाच केला, एवढंच चुकलं.